डाय केलरमध्ये, काळं घरभर!

राग आला की मी बोलत नाही, साठवते. मग मैत्रिणी फोनवर "काय गं, गप्प का?" म्हणतात, आणि एक किस्सा सांगायला जावं तर त्याच्या शेपटाला धरून चार बाहेर येतात. सगळे आमच्या केलरमधले, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीतले!

आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहतो. आमचे हे कारखान्याच्या टूलरूममध्ये. दिवसभर तिथे साचे, आणि शनिवारी घरी पुन्हा साचेच! कारण हे नेमबाजीच्या क्लबात आहेत. उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात दाबून आकारात आणायच्या आणि परत भरायच्या. सोबतीला क्लबातले मानफ्रेडआजोबा, वय सत्तर, आणि पुण्याचा निखिल, पीएचडीवाला.

परवाने सगळे आहेत, त्यावर माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं हातांवर! पुंगळ्यांचं काळं डायमध्ये साचतं, तिथून यांच्या बोटांवर येतं, आणि त्या काळ्यात शिसं असतं. आमची सई चौदा महिन्यांची. तिला दिसेल ते तोंडात हवं, त्यात बापाचं बोट आधी!

* * *

एकदा हे म्हणाले, डाय स्वच्छ करायला हवेत. मी म्हटलं, करा की. सईला झोपवून स्वयंपाकघरात येते तर काय, तिच्या दुधाच्या बाटल्या वाफवायच्या मशीनमध्ये तीन डाय उभे!

"अहो!!"

"अगं, वाफेने सगळे जंतू मरतात."

"शिसं मरतं का?"

मी मशीन उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात घातलं. तर हे धावत आले. मला वाटलं, माफी मागतील.

"थांब थांब, इलेक्ट्रिकचा कचरा वेगळा टाकतात!"

त्या डायवर मात्र दुसऱ्या दिवशी गंज चढला. बरं झालं!

* * *

एका शनिवारी जेवायला हाक मारून मारून कोणी वर येईना. खाली गेले तर तिघे एका डायभोवती. पुंगळी आत घट्ट अडकलेली, कपाळं घामाने भिजलेली.

मी विचारलं, "आत घालण्याआधी तेल लावलं होतं?"

निखिल म्हणाला, "वहिनी, हा टेक्निकल विषय आहे हो."

मी सातवी शिकलेली, जिन्याकडे वळले. पण मानफ्रेडआजोबांनी विचारलं, ती काय म्हणाली? यांनी जर्मनमध्ये सांगितलं. आजोबा निखिलकडे वळले, "मग? लावलं होतंस का?"

निखिल तेलाची बाटली शोधायला लागला. "गेनाऊ," म्हणजे तेच तर, म्हणाले आजोबा, आणि माझ्यामागून जेवायला आले.

पुढच्या शनिवारी निखिल वर येऊन पुंगळी नाचवतोय. तिच्या खांद्याला, म्हणजे तोंडाखालच्या उताराला, खड्डे पडलेले. "बघा वहिनी, तुमच्या तेलाने काय झालं!"

"अरे, चकलीच्या सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवतात. बुधला ओतत नाहीत!"

* * *

मग प्रत्येक पुंगळीवर एक उभा ओरखडा यायला लागला. निखिलने निदान केलं, पोलादच खराब! डाय बनवणाऱ्या कंपनीला फोटोंसकट तीन पानी मेल केली.

उत्तर एका ओळीचं आलं. आतून पुसून पाहिलंत का?

मानफ्रेडआजोबांनी डाय उघडून पुसला. पितळेचा एक कण निघाला, ओरखडे बंद. सगळे हसले. मी नाही हसले. कारण आजोबांच्या हातात ते काळं झालेलं फडकं सईच्या लाळेचं होतं, आणि मी ते दोन दिवस शोधत होते!

* * *

त्यानंतर मी सईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात शिशाचं काही?

हे म्हणाले, "नाइन, नाही."

मी म्हटलं, "आहे!"

"म्हणजे घरात नाही. केलरमध्ये."

"आणि केलरमधून तुम्ही कुठे येता? पोरीला कोण उचलतं?"

रक्त काढलं. एवढासा तो दंड! आठवडाभर मी रोज टपालपेटी उघडून बघितली. रिपोर्ट चांगला आला, तर हे म्हणतात, "बघ, उगीच घाबरलीस." उगीच? मी नियम घातला, आधी साबणाने हात, मग सई. तीन शनिवार पाळला यांनी. चौथ्या शनिवारी "आज फक्त बघायला गेलो होतो"!

* * *

आणि गेल्या महिन्यात, न कळवता, शस्त्रपरवान्याच्या सरकारी ऑफिसातले साहेब तपासणीला आले. उंच, गंभीर, हातात फाइल. हे त्यांना घेऊन केलरमध्ये गेले. बंदुकांची तिजोरी बघितली, कुलूप बघितलं, कागद बघितले. एक डाय उचलून उजेडात धरला, आत बोट घालून बघितलं. सगळं ठीक.

सही करायला दोघे वर आले. सई रांगत गेली आणि साहेबांची पँट धरून उभी राहिली. साहेब पहिल्यांदा हसले. वाकले, तिला उचलायला हात पुढे केले.

"हाल्ट!" मी ओरडले. "एर्स्ट हेंडे वाशेन!" म्हणजे थांबा, आधी हात धुवा! मला जर्मन येतं ते एवढंच.

हे मराठीत पुटपुटले. "अगं, परवाना यांच्या हातात आहे!"

"आणि त्या हाताला काय लागलंय ते बघा!"

साहेबांनी स्वतःचं बोट बघितलं. बाथरूम कुठे विचारलं, गेले. पाणी बराच वेळ वाहत होतं. टॉवेलने एकेक बोट पुसत बाहेर आले.

तोवर सईला यांनी कडेवर घेतलं होतं, आणि यांचं बोट तिच्या तोंडात.

साहेबांनी टॉवेल यांच्यापुढे धरला. म्हणाले, "आणि तुम्ही?"