चालत आलेलं कुंपण

कलुंडेचं आणि तिच्या दिराचं, किथेकाचं, कधी पटलंच नाही. नवरा मुइंडे होता तोवर दोघांची तोंडं बंद होती. तो गेला, आणि सुतक संपायच्या आत किथेका वहिनीची दुभती शेळी ‘भावाची आठवण’ म्हणून सोडून घेऊन गेला. आठवण म्हणे! अशा माणसाला काय म्हणावं?

दोघांच्या शेतांमध्ये करवंदीचं कुंपण होतं. कलुंडे आणि मुइंडेनं मिळून लावलेलं. बारा महिने हिरवं, पांढऱ्या फुलांनी घमघमणारं, आणि काटे असे की बिबट्यानंही वाट वाकडी करावी. त्याच्या आतल्या अंगाला, कलुंडेच्या शेतात, गोरखचिंचेसमोर, कलुंडेचं पहिलं तान्हं पोर पुरलेलं होतं. एवढ्याशा पोराच्या जागेवर कुणी दगड ठेवत नाही. आईला ठाऊक असतं, तेवढं पुरतं.

करवंदीची फांदी ओल्या मातीत दाबली की तिथंच मूळ धरते. किथेकाला हे पक्कं ठाऊक. दर पावसात तो कुंपणाच्या फांद्या वहिनीच्या बाजूला वाकवून दाबायचा. त्या रुजल्या की आपल्या बाजूची जुनी खोडं काढायचा आणि मुळं बायकोकडे द्यायचा. ती बोकडाच्या हाडांबरोबर उकळून सांधेदुखीवर रस्सा करायची. जमीन गिळायची आणि वर रस्साही ओरपायचा! कुंपण कधी वाळलं नाही, म्हणून ते चालतंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कलुंडेलाही उशिराच कळलं. एका सकाळी ती पोराच्या जागेकडे निघाली, तर मध्ये काटे, आणि गोरखचिंचेसमोर किथेकाची चवळी.

“चोरा, कुंपण सरकवलंस!”

“कुंपणाला पाय फुटतात का गं वहिनी? डोळ्यांत औषध घाल.”

ऐकणारे खो खो हसले. कलुंडेच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यात जमिनीची मोजणी आली. जिवंत कुंपण धरून पंच हद्द ठरवणार होते. एकदा ठरली की पोर कायमचं किथेकाच्या शेतात.

पण करवंदीची जात चिवट. मातीत राहिलेल्या मुळांना चवळीतून कोंब फुटायचे, अगदी जुन्या ओळीत. किथेका रोज सकाळी अनवाणी येऊन ते मोडायचा. वर काही दिसत नसे, खाली मात्र टोकदार खुंट उरायचे. त्याचे तळवे सोलून निघाले. कलुंडे कुंपणाशी घायपाताची टोपली विणत बसे.

“काय रे, चवळीच्या उवा काढतोस?”

तो थुंकायचा. ती बघत राहायची, त्याच्या हातांकडे आणि पायांकडेही.

मोजणीच्या दिवशी पंचांतला सगळ्यात म्हातारा न्झिओकी काठी टेकत कुंपणाशी आला. “कलुंडे, हिरवं कुंपण तर समोर आहे. तुझं काय म्हणणं?”

“बाबा, किथेकाला त्याच्या घराकडून चवळीतून इथवर यायला सांगा. फक्त चपला काढून.”

“हे काय खूळ!” किथेका हसला. तरी गेला, चपला काढल्या आणि ऐटीत निघाला. स्वतःच्या शेताला कोण भितो? अर्ध्यात आला, आणि खाली न बघताच त्यानं पाय गुडघ्याएवढा उचलून पलीकडे टाकला. मग दुसरा. सपाट चवळीत, उंबरा ओलांडावा तसा.

“थांब,” न्झिओकी म्हणाला. “काय ओलांडलंस?”

म्हाताऱ्यानं तिथं काठीनं पानं बाजूला केली. खुंट लागला. पुढे दुसरा, मग तिसरा, सरळ ओळीत. “हीच हद्द. किथेका, स्वतःच्या हातानं कुंपण मागं ने.”

“चवळी निघाली की नेतो.”

कलुंडेनं काट्यांतून अंग घातलं. हात रक्ताळले. गोरखचिंचेसमोरची चवळी तिनं मुठी भरभरून उपटली आणि त्याच्या अंगावर फेकली.

“माझ्या पोराच्या उरावर पेरतोस, मेल्या!”

“वहिनी, शपथ, मला नव्हतं ठाऊक इथं—”

“खड्डा कुणी खणला होता रे?”

भाऊ रडत होता म्हणून त्या दिवशी कुदळ किथेकानंच घेतली होती.

तो वळला आणि घराकडे चालू लागला. जाताना त्या ओळीवर त्यानं पाय उचलला नाही. रक्त आलं. कलुंडेला कणव आली नाही. यावी तरी कशाला?