चाळीस गुणांचं अक्षर

पुंडलिकनगरातल्या अनंतरावांचं अक्षर भयंकर होतं. जिल्हा परिषदेत असताना त्यांच्या शेऱ्याचा अर्थ विचारायला शिपाई फाइल घेऊन त्यांच्याकडेच परत यायचा आणि निम्म्या वेळा तो अर्थ त्यांनाही लागायचा नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर लोकांच्या अक्षराला गुण देत बसला, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्याला एकदाही वाटलं नाही.

त्याचं असं झालं. नरहरपंत नावाचे एक कारकून मरताना एक न्यास करून गेले होते. दरवर्षी गुढीपाडव्याला एका गरजू बाईला धंद्यासाठी एक मशीन द्यायचं, एवढंच त्या न्यासाचं काम. पण नरहरपंतांचं अक्षर मोत्यासारखं, आणि ज्याचं अक्षर नीट त्याची नियत नीट, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे नियमावलीतच लिहिलेलं: अर्ज स्वहस्ते लिहावा, शंभरपैकी चाळीस गुण अक्षराला. अनंतराव या न्यासाचे चिटणीस होते आणि हा नियम त्यांना प्राणाहून प्रिय होता.

सुरुवातीची कितीतरी वर्षं मशिनं जायची ती मास्तरांच्या बायकांना आणि कारकुनांच्या सुनांना. एकीनं तर शिलाई मशीनवर मनीप्लँट ठेवला होता. मग पाच वर्षांपूर्वी नरहरपंतांचा नातू विश्वजित न्यासाचा अध्यक्ष झाला. त्यानं पुण्याहून फोन करून विचारलं, "काका, मदत आपल्याच ओळखीपाळखीत कशी काय फिरते?"

अनंतरावांना हे फार लागलं. त्यांनी तोड काढली. प्रत्येक अर्जातलं नाव, गाव, आडनाव यांवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि मगच गुण द्यायचे. पट्ट्या कापायचं आणि चिकटवायचं काम अर्थातच त्यांच्या पत्नीकडे, भानुमतीबाईंकडे. "आता जात नाही, गाव नाही, वशिला नाही," अनंतराव फिरायला जाताना भेटेल त्याला सांगायचे, "याहून मोठा न्याय तो काय असतो?"

आणि खरोखरच चमत्कार झाला. त्या वर्षापासून मशिनं बजाजनगरच्या कामगार वस्तीत, खेड्यापाड्यांत जायला लागली. खेड्यातल्या बायांचं अक्षर एकाएकी इतकं कसं सुधारलं, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता. अनंतरावांनी त्याचं श्रेय पट्टीला दिलं.

यंदा पहिला नंबर आला करमाडच्या साळूबाईंचा. त्यांनी शेवयांचं मशीन मागितलं होतं. अक्षराला चाळीसपैकी एकोणचाळीस. पैकीच्या पैकी द्यायला अनंतरावांचा हात धजावत नसे. पाडव्याच्या आदल्या सकाळी साळूबाई रजिस्टरवर सही करायला घरी आल्या. अनंतरावांनी कौतुकानं स्वतःचं पेन पुढं केलं.

"शाईची डबी नाय का, साहेब?" साळूबाई म्हणाल्या आणि डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसून तयार ठेवला.

अनंतराव अंगठ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला लिहिता येत नाही?"

"नाय. शाळा गावात आली तवा माझं लगीन झालं व्हतं."

"मग हा अर्ज कोणी लिहिला?"

"ते नाय सांगणार. शपथ घातलीया."

"ही फसवणूक आहे, बाई! अर्ज रद्द. मशीन पाठवू नका म्हणून दुकानदाराला आत्ताच फोन करतो."

साळूबाईंचा चेहरा उतरला. "साहेब, शेवया उन्हाळ्यातच व्हत्यात. आता मशीन नाय आलं तर आमच्या पाच जणींचं वरीस गेलं. अन् शेवया पाडायला अक्षर लागतंय व्हय?"

अनंतराव आणखी चिडले. तेवढ्यात भानुमतीबाईंनी चहाचे कप टेबलावर जरा आदळूनच ठेवले आणि आत गेल्या. अनंतरावांनी फोन बाजूला ठेवला. आधी चोर पकडायचा, मग फोन. त्यांनी कपाटातून पाच वर्षांच्या फायली काढल्या, पहिल्या नंबरचे अर्ज ओळीनं मांडले. पाचही अर्ज एकाच हातचे! प्रत्येक ळ-ला शेवटी तोच डौलदार गोल. "टोळी आहे, टोळी!" असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. चहात साखर नव्हती.

"अगं, साखर!"

आतून ओ आली नाही. दोनदा हाक मारून शेवटी साळूबाईंचा अर्ज हातात घेऊनच ते स्वयंपाकघरात गेले. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एक डबा उघडला नव्हता. फळीवर बरण्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी होती. गूळ. तीळ. हळद. मसूर डाळ. प्रत्येक ळ-ला शेवटी तोच डौलदार गोल.

अनंतरावांनी अर्ज गुळाच्या बरणीशेजारी धरून पाहिला. मग हळदीच्या.

"तू?"

"नावावर पट्टी लावलीत," भानुमतीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अक्षरावर कुठं लावलीत? अक्षर बघितलं की कळतंच की, कोण शाळेत गेलं आणि कोण शेतात. लिहिता येत नाही म्हणून ज्या बाया आपल्या फाटकातूनच माघारी जात होत्या, त्यांना मी हाक मारली. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले."

"पण मला ओळखू कसं आलं नाही?"

"मला बघायला आलात तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, नाव लिहून दाखवा. चारचौघांत वाहवा केलीत. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांत माझं अक्षर बघितलंय कधी?"

अनंतरावांना खूप वाईट वाटलं. इतकं, की साखर न घेताच ते बाहेर आले.

साळूबाई अजून खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. अनंतरावांनी शाईची डबी शोधली, ती त्यांच्यापुढं ठेवली आणि दुकानदाराला फोन लावला. "मशीन उद्या सकाळी करमाडला पोचवा." मग विश्वजितला सगळं खरं सांगितलं. तो इतका हसला, की फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर म्हणाला, "काका, तो नियमच काढून टाका."

न्यासाचा ठराव हातानंच लिहावा लागे. अनंतरावांनी रजिस्टर आत नेलं. "तू लिहितेस का?"

"तुमचा ठराव आहे. स्वहस्ते लिहा."

त्यांनी लिहिलं: 'यापुढे अक्षराला गुण नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, न्यासाने लिहून घ्यावे. हे काम सौ. भानुमती पाहतील, त्यांना आजपासून विश्वस्त नेमले आहे.' त्यांनी रजिस्टर पत्नीपुढं सरकवलं.

भानुमतीबाईंनी चष्मा लावला. दोनदा वाचावं लागलं. शेवटच्या ओळीवर आल्यावर डोळे पुसून त्यांनी पेन मागितलं आणि समासात आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: चाळीसपैकी सहा.