आधी फरशी, मग फळा

मावशींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेपाचला कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची बादली टेकलेली असे. सात वर्ग, दोन जिने, आणि पहिला तास आठला. फडकं पिळून मनगट जातं, बाकांखाली वाकून कंबर. करणाऱ्यालाच ठाऊक.

आधी फळा पुसायचा, मग फरशी, कारण खडूची भुकटी खाली पडते. सहा वर्गांत मावशी तसंच करत. समाजशास्त्राच्या वर्गात मात्र उलटं. आधी फरशी, मग निवांत फळा वाचायचा, मगच पुसायचा, आणि पडलेल्या भुकटीसाठी पुन्हा वाकायचं. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. वर्गात बसायची ओढ सुटली नव्हती.

मुकादमाने एकदा पकडलंच. "काय मावशी, फळ्यावर सिनेमा लागलाय?"

"लागलाय. तुम्हीही आहात त्यात, मधल्या पायरीवर."

त्या दिवशी फळ्यावर समाजाची उतरंड होती. तळाशी लिहिलेलं: 'अकुशल – हमाल, सफाई कामगार.' मावशींनी बाकी सगळं पुसलं, तेवढी ओळ ठेवली, आणि दाराशी थांबल्या.

आठला शिकवणाऱ्या बाई आल्या. "मावशी, एक ओळ राहिली."

"राहिली नाही, ठेवली. अकुशल म्हणजे काय हो, बाई?"

"ज्या कामाला शिकावं लागत नाही, ते."

मावशींनी फडकं पुढे केलं. "मग एवढी पुसा. पांढरा पट्टा नको राहायला."

बाईंनी पुसली. तीन पट्टे राहिले, पदर पांढरा झाला. मुलं खो खो हसली. बाईही हसल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही वर्गात बसायला हवं. संध्याकाळचा वर्ग आहे, बारावीवर प्रवेश मिळतो."

फी ऐकून मावशींनी बादली उचलली.

तेव्हापासून त्यांनी रविवारी एका इमारतीचे जिने धुवायला घेतले. रोज संध्याकाळी बाजारातून परतताना त्या उजेड असलेल्या वर्गाच्या खिडकीखाली चपलेचा अंगठा नीट करत उभ्या राहत. अंगठा धड असायचा. आतला आवाज कानावर पडे, शब्द लागत नसत.

लेक म्हणाली, "आई, एवढ्या पैशांत कपडे धुवायचं मशीन येईल. गुडघ्यांचा तरी विचार कर."

"त्यांचाच केला आयुष्यभर. आता डोक्याचा करते."

तीन वर्षांचे रविवार जिन्यांवर गेले. त्यातून मावशींची समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाची फी भरली गेली.