अंगठ्याखालची नाडी

नांदगाव खंडेश्वरला शाळेत शिकवायचे तेव्हा आम्हा शिक्षकांना अमरावतीला प्रथमोपचार शिकायला दोन दिवस पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर गप्पा मारल्या, दुसऱ्या दिवशी साड्या बघायला गेले. गावात परतले ती मात्र अर्धी डॉक्टर होऊन. कुणी जरा गळल्यासारखं वाटतं म्हणालं की बाईंनी मनगट धरलंच. अंगठा दाबायचा, घड्याळाकडे बघायचं, भुवई वर करायची. त्या भुवईचा मला कोण अभिमान!

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या आमच्या कॉलनीत एक नर्स सांगून गेली, म्हाताऱ्यांनी मंगळवारी दवाखान्यात येऊन नाडी तपासून घ्यावी. ठोके अनियमित पडत असतील तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. माझ्या थोरल्या दिरांना लकवाच झाला होता. मंगळवारला चार दिवस होते. मला कुठला धीर? आमचे हे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, त्यांचं मनगट ओढलं.

दोन ठोके नीट, मग घाईघाईने तीन, मग काहीच नाही.

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांची नाडी बघितली. कधी सरळ लागे, कधी अडखळे. त्यांचं फिरणं बंद केलं, पिशवी उचलू दिली नाही.

"अवो, मले काईच नाई झालं," ते म्हणाले. "तूच घाबरून राहिली."

मंगळवारी दवाखान्यात नर्सने तीन बोटं ठेवून त्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली. अगदी नियमित. पुन्हा बघ म्हटलं, तिने पुन्हा बघितली. तेच. मग मीच त्यांचा हात धरून दाखवायला गेले, तर ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"आजी, अंगठ्यानं नाडी बघत नाहीत. अंगठ्यात आपलीच नाडी लागते."

मला काही कळेना. माझं मनगट तिने कधी हातात घेतलं तेही कळलं नाही. मिनिट संपलं तरी तिने सोडलं नाही, दुसरं मोजायला घेतलं. मग छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली. ठोके अनियमित होते, माझे. गोळ्या सुरू कराव्या लागतील म्हणाल्या, आणि पेन उघडून विचारलं, हे कधीपासून?

साधा प्रश्न. पण मला नांदगावचे हेडमास्तर आठवले; तुमचा ठोका चुकतो म्हणून मी त्यांना घाबरवून सोडलं होतं. शेजारच्या वहिनींना तर अमरावतीला धाडलं होतं. तिथल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनाच अडाणी ठरवलं. तेव्हा खरंच काही चुकत होतं, की बाईंची नुसती ऐट? चुकत असेल तर कुणाचं?

"सांग ना," हे हळूच म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं, "चार दिवस झाले, लिहा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चार दिवस लिहिलं.