रांगेतला शेवटचा भिक्षू

माझे थोरले साडू डोंगरावर आलेल्यांना लेणी दाखवायचं काम करत. बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, म्हणून सगळे त्यांना पंडित म्हणत, मीसुद्धा. मी पायथ्याशी तिकिटाच्या खिडकीत बसतो. दिवसभरात माझ्या तोंडून 'सुटे द्या' याखेरीज फारसं काही निघत नाही.

चारशे बारा पायऱ्या चढल्या की लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी छिन्नीनं खोदलेली. एकेक खोली खोदताना माणसाची हयात सरायची आणि राहायला यायचा तो पुढचाच कोणी. पंडित हे सांगू लागले की कलकलाट करणारी माणसंही मुकाट खाली बसत. सगळ्यात शेवटी सातव्या लेण्यातलं चित्र. भिक्षूंची रांग बुद्धाकडे निघालीय, फक्त शेवटचा लहानखुरा भिक्षू मागे वळून पाहतोय. "घरची आठवण झाली असेल बिचाऱ्याला," पंडित म्हणत. "एवढी वर्षं झाली, पाय काही पुढे पडत नाही."

सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर जायला लागली. डॉक्टरांनी हात टेकले. ऑफिसात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसून हा माणूस महिनाभरही टिकला नसता. मग आम्ही एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी खिडकी बंद केली की मी वर चक्कर मारून येई आणि सकाळी चहा पिताना त्यांना डोंगराची खबर देई. दोनशे तिसावी पायरी हलतेय, पाचव्या लेण्यात बांबू उभे केलेत, असं. पायऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. कोणाला पत्ता लागला नाही. साहेबांच्या नाकावर टिच्चून आमचं चाललं होतं आणि मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

गेल्या थंडीत ओल येऊन सातव्या लेण्यातल्या भिंतीचा पोपडा सुटला. शेवटची आकृती गेली, असा रिपोर्ट मीच लिहिला. पंडितांना सांगायला मात्र जीभ रेटेना. "डोळे जाण्याआधी त्यालाच पोटभर बघून घेतलंय," असं ते एकदा म्हणाले होते. आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने गेले. चहा पिताना मी पायऱ्यांचंच बोलत राहिलो.

मग नवे साहेब आले. एका शाळेच्या सहलीमागोमाग ते वर निघाले, मलाही सोबत घेतलं. सातव्या लेण्यात पंडितांनी बोट नेमक्या जागी नेलं आणि भिक्षूची गोष्ट सुरू केली.

"काका, तिथं कोणीच नाहीये," एक मुलगी म्हणाली.

पंडित हसले. "नीट बघ बाळ, अंधार आहे ना."

"बघितलं. नुसता दगड आहे."

चित्राला हात लावायचा नाही असा नियम होता आणि पंडितांनी तो जन्मभर पाळला होता. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर हात ठेवला. उघड्या खडकावरून तो इकडेतिकडे फिरला आणि तिथंच थांबला. साहेब त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. मुलं बाहेर जाईपर्यंत थांबले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी पंडितांचा दंड धरून खाली निघालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"कधी पडला?" त्यांनी विचारलं.

"थंडीत."

"म्हणजे चार महिने. एवढी माणसं येऊन गेली, कोणी काही बोललं कसं नाही?"

"त्यांना वाटलं असेल, आपल्यालाच दिसत नाही."

ते थांबले. दंडावरचा माझा हात त्यांनी काढून बाजूला केला.

"मला दिसत नव्हतं," ते म्हणाले. "तुला तर दिसत होतं ना."

मग ते पायऱ्या मोजत एकटेच उतरू लागले. मी मागून बघत होतो. दोनशे तिसाव्या पायरीपाशी ते थबकले आणि तिच्यावर पाय न ठेवता खालच्या पायरीवर गेले. ती हलते, असं मीच त्यांना सांगितलं होतं.