खुर्ची धरणारी

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तर थुंकाल. थुंका.

कमलताई माझी थोरली जाऊ. सदुसष्ट वर्षांची. नवागामच्या कापड कारखान्यात तीस वर्षं उभ्यानं सुताच्या बॉबिन भरलेली बाई. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, बँकेत बसून निवृत्त झालेली. आमच्या सोसायटीत साठीपुढच्या बायकांचा व्यायामवर्ग सुरू झाला, तेव्हा तिला मीच घेऊन गेले. का? माझ्या शेजारी ती अडाणी दिसावी म्हणून — दुसरं काय?

तिथे अंगातली चरबी आणि स्नायू मोजायचं मशीन होतं. तीन महिने मी उकडलेले मूग गिळले, डंबेल्स उचलले. माझी चरबी तसूभर हलली नाही. ताईचे स्नायू मात्र वाढले! "जुओ, कमलबेनना पग!" शिकवणारी गुजराती बेन ओरडली, कमलताईचे पाय बघा म्हणे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — आणि वाटत होतं, त्या पोटऱ्यांवर लोखंडी डंबेल हाणावं. एकदा नाही, चेचून निघेपर्यंत.

मनात काय, कुणाच्याही येतं. मनातच राहिलं असतं तर मी आज बोलले असते का?

मग आलं खुर्चीवर बसायचं-उठायचं. हात न टेकता, भराभर. फरशीवर खुर्ची सरकते, म्हणून एकीनं ती मागून धरायची. ताईची मी धरली होती. ती उठत होती, बसत होती, बायका मोठ्यानं मोजत होत्या — वीस, एकवीस — माझे कान तापले. ती उठली. मी खुर्ची ओढली.

निसटली नाही. ओढली. दोन्ही हातांनी, जोर लावून.

ऊस मोडावा तसा आवाज झाला. खुब्याचं हाड. ती गुरासारखी ओरडली, आणि मला — खोटं कशाला बोलू? — बरं वाटलं. फरशी ओली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. फरशी कोरडी ठाक होती.

आता ती वॉकर धरून संडासापर्यंत जाते, तेवढंच. मांड्या वाळून गेल्या. तिला अंघोळ मी घालते. नातेवाईक माझं कौतुक करतात, ते मी ऐकून घेते.

काल पाठ चोळत होते, तर म्हणाली, "तू मांगे व्हती म्हनीसन वाचनू, नई ते डोकं फुटतं."

मी "हं" म्हटलं आणि तिच्या पाठीवर पाणी ओतलं.