लाय ताईंची तिसरी उमेदवारी

पिंगतुंगच्या आमच्या तंत्र विद्यापीठात लाय श्यू-चिन सव्वीस वर्षं नोंदणी विभागाच्या खिडकीत बसल्या. प्रवेश, निकाल, गुणपत्रकं, पदवीचे दाखले, सगळं त्यांच्या हातून जायचं. मी शेजारच्या टेबलावर. त्या मला फांग म्हणायच्या, मी त्यांना लाय ताई. बारीक आवाज, जाड भिंगाचा चष्मा. पुढे येऊन बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, असंच मी धरून चालले होते.

एका मार्चमध्ये ग्वो नावाचा पन्नाशीचा ट्रकचालक खिडकीशी आला. तो जिथे शिकला ते कॉलेज बंद पडून सहा वर्षं झाली होती. पोरंच जन्मत नाहीत, कॉलेजं कुठून भरणार? नव्या नोकरीसाठी त्याला जुनं गुणपत्रक हवं होतं.

"ते कॉलेज आमचं नव्हतं हो," मी म्हटलं.

"ठाऊक आहे बाई. पण पाच कचेऱ्या फिरलो. प्रत्येक जण पुढच्या दारात पाठवतो. आता मलाच शंका यायला लागलीय, मी शिकलो होतो की नाही."

लाय ताईंनी त्याचा नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. बंद कॉलेजच्या राखणदाराला गाठून त्यांनी कुलूप काढायला लावलं. वरच्या मजल्यावर निकालाच्या वह्या जमिनीवर रचलेल्या होत्या, अर्ध्यांना वाळवी लागलेली. चार तास शोधून ग्वोचं पान सापडलं. शिक्षण खात्याकडून त्याची अधिकृत प्रत निघायला आणखी तीन आठवडे गेले.

ग्वोने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. "यंत्ररेखाटनात ब्याऐंशी," तो म्हणाला. "बायकोला खरंच वाटत नव्हतं!"

तो गेल्यावर लाय ताई मला म्हणाल्या, "फांग, हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आपला संघ आहे ना, त्याने करायला हवं."

आमचा संघ म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या नोंदणी विभागांचा. त्याचा अध्यक्ष नेहमी राजधानी तैपेईतला कोणी मोठा प्राध्यापक असायचा. आमच्यासारख्यांनी वार्षिक सभेत खुर्च्या मांडायच्या आणि नावांचे बिल्ले वाटायचे. लाय ताईंनी पहिल्यांदा फक्त एका समितीसाठी अर्ज केला. आभाराचं पत्र आलं आणि सभेत त्यांना स्वागताच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांदा त्या थेट अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. अकरा मतं पडली.

आमच्या डीन सरांना हसू आवरेना. "लाय बाई, अध्यक्षपद म्हणजे काय दाखल्यावरचा शिक्का वाटला तुम्हाला?"

"नाही सर. शिक्का मारण्याआधी नियम वाचावे लागतात."

सर गेल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"वाटलं ना. पण ती अकरा माणसं कोण, हे मला कळायला हवं."

त्यानंतरची दोन वर्षं दर शनिवारी त्या कुठल्या ना कुठल्या गावी गेल्या. बरोबर पिंगतुंगच्या लालभडक, रसाळ जांब फळांची पेटी. ह्वालिएन झालं, ताइतुंग झालं. पेंगहू बेटांवर बोटीने गेल्या तेव्हा वाटभर उलट्या केल्या. सुटीच्या दिवशी कचेरी उघडून त्यांची वाट बघणारी माणसं निघाली. जांब खाता खाता त्या एवढंच विचारायच्या, "तुमच्याकडे वह्या कुठे ठेवता? दाखवता का?" मी तीनदा सोबत गेले. कोणी तळघर दाखवलं, कोणी जिन्याखालची खोली. एका म्हाताऱ्या कारकुनाने उसवलेल्या वह्या रजा घेऊन स्वतः शिवल्या होत्या; त्या दाखवताना तो रडला. सव्वीस वर्षं मी ज्यांना फक्त शिक्के मारताना पाहिलं, त्या बाईंसमोर माणसं अशी मन मोकळं करत होती.

तिसऱ्यांदा त्या ताइचुंगच्या सभेत पुन्हा अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. समोर प्राध्यापक शेन, चार वर्षं अध्यक्ष असलेले, भला माणूस आणि फर्डा वक्ता. त्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग लाय ताई उठल्या. माईक त्यांच्या कपाळाला लागत होता. कोणीतरी तो खाली केला.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "एक विचारते. उद्या तुमचं कॉलेज बंद पडलं तर निकालाच्या वह्या कुठे जाणार, हे ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनी हात वर करा."

सभागृहात दीडशे माणसं होती. एकही हात वर गेला नाही. लाय ताई थांबून राहिल्या. पहिल्या रांगेतले शेन मागे वळून सगळ्यांकडे बघत होते.

"मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "ते ठरवायचं काम मला हवंय. म्हणून उभी आहे." आणि त्या बसल्या. भाषणाला दिलेल्या पाच मिनिटांतली तीन शिल्लक होती.

टाळ्या वाजवायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

त्यांना अठ्ठ्याण्णव मतं पडली. निकाल सांगून झाल्यावर शेन स्वतः उठून त्यांच्या खुर्चीपाशी आले. "लाय बाई, चार वर्षं मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. हा प्रश्न मला कधी पडलाच नाही."

"तुमच्याकडे ग्वो आला नव्हता, सर," त्या म्हणाल्या. "तुमच्या विद्यापीठात एखादी कोरडी जागा आहे का?"

शेननी खरोखरच एक जुनी व्यायामशाळा मिळवून दिली. दीड वर्षात सात बंद कॉलेजांच्या वह्या तिथे आल्या. शेवटचा ट्रक रिकामा झाला त्या दिवशी मी गेले होते. नाकाला फडकं बांधून शेन शिडीवर उभे होते आणि खालून लाय ताई त्यांना एकेक वही देत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, आणि त्यांत चाळीस हजार माणसांची नावं. कोणी सुतार झालं असेल, कोणी परिचारिका, कोणी या जगात नसेलही. मी दारातच थबकले. देवळात शिरताना थबकतो तशी.

"अगं फांग, बघत काय राहिलीस?" लाय ताई म्हणाल्या. "सर दमलेत. चढ शिडीवर."